गोचिडी हाकलायचं तेल

माझ्या नवऱ्याला गोचिडींची दया येते, हे मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला कळलं, आणि कळल्यावर मी कपाळाला हात लावला.

आता, मीही जैनाचीच. माहेर सांगलीचं, वडील हळदीच्या पेठेत दलाल. पाणी आम्हीही गाळून प्यायचो, मुंग्यांना साखर आम्हीही टाकायचो, सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळे व्हायचो. पण म्हशीच्या कानातली गोचीड सोडवून तिला पोचवायला बांधापर्यंत जाणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. हे रोज सकाळी गोठ्यात उकिडवे बसायचे. कानाच्या पाळीत, शेपटीच्या बुडाशी, कासेच्या वर, जिथं गोचीड चिकटलेली दिसेल तिथून ती दोन बोटांनी हळूच काढायची, करवंटीत टाकायची, वर पळसाचं पान झाकायचं, आणि धोतराचा सोगा सावरत निघायचं. बांधावरच्या गवतात करवंटी पालथी करून वर त्यांना सांगायचं, "जावा आता. पुन्हा येऊ नगासा."

त्या काय ऐकतायत. पुन्हा यायच्याच.

आमचं गाव कवठे महांकाळच्या अंगाला. पाऊस कमी, दगड जास्त, आणि माणसं दगडासारखीच, एकदा बसली की हलायची नाहीत. रामगोंडा पाटील, म्हणजे माझा नवरा, त्यातलाच एक. आवाज चढवणार नाही, भांडणार नाही, पण नाही म्हटलं की नाही. मी उलटी. मला राग आला की शेजारच्या आकारामला त्याच्या घरात बसून कळतं, आज पाटलीणबाईंचं काय बिनसलंय. तेवढ्यावरच आमचा संसार नीट चालला म्हणा. दोघंही गप्प असतो तर घरात बोललं कोण असतं? आणि दोघंही तापट असतो तर पोरगा सन्मती शिरवळला कारखान्यात नोकरीला गेला तो आधीच पळाला असता.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. दशलक्षण पर्व झालं. पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणी असते, ज्याला त्याला हात जोडून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची. हे बस्तीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून, क्षमा मागून आले आणि अंथरुणावरच पडले. अंगात हुडहुडी, डोकं फुटतंय म्हणायचे. गावच्या डॉक्टरानं हिवताप म्हणून इंजेक्शनं दिली. ताप हटेना. मग तळहातांवर, तळपायांवर लाल ठिपके उठले. आकारामच्या जीपमध्ये घालून मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी यांना उताणं केलं, पालथं केलं, आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीत एक काळी खपली दाखवून मला विचारलं, "इथं गोचीड चावली होती का?"

मी यांच्याकडं बघितलं. हे छताकडं बघत होते.

औषध लागू पडलं, ताप उतरला. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. ह्यांचं वय बघता पुन्हा हे होऊ देऊ नका. गवतात जाताना काहीतरी लावून जायला सांगा, आणि आल्यावर अंग तपासा. गोचीड दिसली तर लगेच काढा. जितका वेळ ती चिकटून राहील तितका धोका."

मी ते सगळं ऐकून खाटेजवळ आले, तर हे काय म्हणतात? "एवढा कशाला जीव टाकतीस? गेलो आसतो तर गेलो आसतो. कर्मात आसंल ते हुतं. आन् तुला सन्मती हाय की."

मिरजेपासून कवठ्यापर्यंत एसटीत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही. हे दोनदा म्हणाले, "खिडकी लावू का?" मी बाहेर बघत बसले. सन्मती आहे म्हणे. सन्मतीबरोबर मी सकाळचा चहा पिते का? माझा दुखरा गुडघा निर्गुडीच्या पाल्यानं सन्मती शेकतो का? माझं तोंड सुटलं की गालात हसायचं, हे सन्मतीला जमतं का? या माणसाला वाटतं, आपण गेलो की घरातली एक काठी तेवढी कमी होईल. मला त्याच्याशिवाय जगता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती आणि मलाही तोंड वर करून सांगता येत नव्हती. भांडता येत होतं, तेवढं मी केलं.

यंदा पाऊस बरा झाला. एरवी पाऊस बरा झाला की मी देवापुढं साखर ठेवते. यंदा बांधावरचं गवत मांडीपर्यंत आलेलं पाहिलं आणि साखरेचा डबा तसाच फळीवर राहू दिला. हे विळा पाजळत बसलेले. दुसऱ्या दिवसापासून गवत कापायला जाणार.

"अहो, तसंच जायचं नाही. काहीतरी लावून जायचं," मी म्हटलं.

"काय लावू?"

"ते मी बघते."

आधी करंजेल. घरचंच, करंजाच्या बियांचं, गोठ्यात बाटली भरलेली. यांनी निमूट लावून घेतलं, कारण झाडाचं तेल. पण भादव्यातलं ऊन. दोन पेंढ्या कापून होईपर्यंत घामानं सगळं धुऊन जायचं. संध्याकाळी पोटरीवर गोचीड वर वर निघालेली सापडली, आणि करंजेलाचा वास मात्र उशीच्या अभ्र्याला आठवडाभर राहिला.

मग मी सांगलीला भावाकडं गेले तेव्हा औषधाच्या दुकानातून डासांचं मलम आणलं. यांनी ती ट्यूब हातात घेऊन उलटी-पालटी केली. ट्यूबवर चित्र होतं, डास पाय वर करून पडलेला. यांनी ट्यूब माझ्या हातात परत दिली. "मारायचं औषध हाय हे."

"अहो, नुसतं चित्र आहे ते."

"चित्र खोटं कशाला काढतील?"

भामाबाई आमच्या खालच्या आळीची. तिनं ऐकलं आणि जनावरांवर मारायची पावडर घेऊन आली. "धोतरात फवारा पाटलांच्या, गोचीड काय, माशी बसणार न्हाई," म्हणाली. पुडक्यावर कवटी आणि दोन हाडं. जनावराचं औषध माणसाच्या अंगाला लावायचं नसतं एवढी अक्कल मला आहे. मी ती पावडर तिची तिला परत दिली आणि जाताना हात धुऊन जा म्हटलं. ती रुसली. रुसू दे.

शेवटी आकाराम कामाला आला. आकाराम म्हणजे फौजेतून रिटायर झालेला हवालदार. बोलताना निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी, आणि राहिलेलं आमच्यासाठी. त्याचा पोरगाही फौजेतच, रजेवर आला होता. आकाराम एक हिरवी बाटली घेऊन ओसरीवर आला.

"वैनी, हे घ्या. मच्छर तेल. आमाला नागा हिल्सला धाडलं हुतं तवा हेच इश्यू हुतं. जळू, मच्छर, गोचीड, कोन बी जवळ येत न्हाई. पन लावायची पद्धत हाय. तोंडाला न्हाई, डोळ्याला न्हाई, जखमेवर न्हाई. पायाचा घोटा, पोटरी, मनगट, मान. पायजम्याची बॉर्डर, बाहीची बॉर्डर. घाम आला की दुपारी पुन्हा. घरी आल्यावर साबन लावून धुवायचं. ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

मी खूश. बाटली घेऊन यांच्यापुढं गेले. यांनी वास घेतला, झाकण लावलं आणि म्हणाले, "फौजेचं तेल. फौजेत मारायचंच शिकवत्यात."

"अहो, हे मारत नाही. नुसतं हाकलतं."

"आसंल. पन आपल्या मुनीम्हाराजांना बघ. बिनकपड्यानं चालत्यात, डास चावत्यात, गोचिडी चावत्यात, हात बी हलवत न्हाईत. दंशमशक परीषह म्हन्त्यात त्याला. चावनं सहन करायचं."

इथं माझं डोकं फिरलं. "तुम्ही मुनी कधीपासून झालात? मुनी दिवसातून एकदा हातावर आहार घेतात. तुम्हाला आमटी कमी तिखट झाली तर वाटी सरकवता येते. आणि मुनींच्या मागं बायको नसते रडायला."

हे विळा घेऊन उठले आणि गेले. बिनतेलाचे. त्या दिवशी मी भाकरीचं पीठ असं मळलं की परात फुटायची राहिली. रडलेही. काय लपवायचं त्यात?

पण मी दगडाच्या गावात नांदलेली बाई आहे, मलाही बसता येतं. दोन-तीन दिवस मी अवाक्षर काढलं नाही. मग एका सकाळी अंथरूण काढताना यांच्या चादरीवर मला रक्ताचा डाग दिसला. डागाच्या मध्यात चपटी झालेली गोचीड. हे कुशीवर वळले असतील आणि ती खाली चेंगरली. मी चादर तशीच उचलली आणि परसात जिथं हे दात घासत होते तिथं नेऊन पसरली.

"बघा. कुणी मारली ही?"

हे वाकून डागापाशी आले. दातण तोंडात तसंच.

"मी मारली? आकारामनं मारली? फौजेनं मारली? तुमच्या अंगाखाली मेली. अंगावर येऊ दिली म्हणून मेली. तिला तेलाचा वास येऊन ती गवतातच थांबली असती तर आज जिवंत असती. पाप कुणाच्या माथी, सांगा."

यांनी दातण काढून बाजूला ठेवलं. चूळ भरली. मग हळूच म्हणाले, "तेलानं मरत न्हाई कशावरनं?"

"चला. दाखवते."

मी यांच्या जुन्या पांढऱ्या पंच्याची लांब पट्टी फाडली. तिच्या निम्म्या भागाला तेल लावलं, निम्मी कोरी ठेवली. बांधावर गेलो आणि मी ती पट्टी गवतावरून ओढत नेली. पांढऱ्या कापडावर गोचीड लगेच दिसते. कोऱ्या भागावर दोन बारक्या चढल्या होत्या, तेलाच्या भागावर एकही नाही. मग पट्टी जमिनीवर अंथरली आणि आम्ही दोघं त्या कापडाशी उकिडवे बसलो, जशी पोरं मुंगळ्यांची शर्यत बघतात. एक गोचीड चालत तेलाच्या कडेपाशी आली. पुढचे पाय उचलले, हवेत चाचपले, आणि वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. मग कापडावरून उतरून गवतात गेली.

"मेली का?" मी विचारलं.

"न्हाई. चालत गेली." यांच्या तोंडावर असं हसू आलं की जणू पोरगा पास झालाय. "हुशार हाय गं."

"हो. तुमच्यापेक्षा."

मग यांनी सगळा बांध नजरेखालून घातला आणि उठून एक पाऊल मागं सरले. मलाही त्याच घटकेला कळलं. करवंटी हे रोज इथंच पालथी करतात. इतकी वर्षं. म्हशीचं रक्त पिऊन टरारलेली एकेक गोचीड, ती काय बांधावर येऊन तपश्चर्या करणार होती? अंडी घातली असतील ढिगानं. आणि त्याच बांधाचं गवत हे भादव्यात कापतात, त्याच गवतात गुडघाभर उभं राहून.

"अहो," मी म्हटलं, "ही सगळी तुमची लेकरं आहेत."

हसू नये असं ठरवूनही मला हसू आवरलं नाही. हेही हसले, पण कसनुसं. त्या दिवसापासून करवंटी वरच्या माळावर, जिथं माणूस जात नाही आणि जनावर चरत नाही अशा दगडांच्या ढिगात जायला लागली. तिथं त्यांचं त्या बघतील. आणि दुसऱ्या सकाळी हे स्वतः बाटली घेऊन माझ्यापुढं बसले. "लाव. त्या बिचाऱ्या उगं मराय नगोत."

मी तेल लावलं. घोट्यांना लावलं, पोटऱ्यांना लावलं, मानेला लावलं. जिंकले होते मी. पण तेल लावता लावता मला आतून काहीतरी टोचायला लागलं. मी सबंध महिना घसा फोडून भांडत होते, ते हा माणूस मला हवा आहे म्हणून. ते नाही पटलं. गोचिडीच्या जिवासाठी पटलं. म्हणजे या घरात गोचिडीनंतर माझा नंबर. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं. मुद्दाम नाही टाकलं. पडलं.

तरी मग सगळं आकारामच्या ऑर्डरीप्रमाणं सुरू झालं. धोतर गेलं, पायजमा आला, पायजम्याची टोकं मोज्यांत खोचलेली. मोजे सन्मतीचे, शाळेतल्या बुटांवरचे, निळ्या पट्ट्यांचे. हे असे बाहेर पडले तेव्हा भामाबाईचा रुसवा गेला. "पाटील, कालिजात नाव घातलं व्हय?" ती ओरडली. हे हात वर करून तिला रामराम करत गेले. लाज म्हणून नाही या माणसाला.

चष्म्याचं मात्र वाटोळं झालं. तेलाचा हात तसाच चष्म्याला लावला, आणि दोन दिवसांत काड्या चिकट, मऊ, वर बोटांचे ठसे उमटलेले. आकाराम म्हणाला, "सॉरी वैनी, ते सांगायचं राहिलं. त्या तेलानं प्लॅस्टिक विरघळतं. माझं घड्याळ गेलं हुतं तसं." मग मीच तेल लावायचं ठरलं, म्हणजे यांचे तळवे कोरडे राहतील. रोज सकाळी हे पाटावर, मी खाली. तोंडानं मी बोलत राहायचे, पाय हलवू नका, उजवा पुढं करा, गुदगुल्या होतात तर होऊ द्या.

आणि संध्याकाळची तपासणी. उजेड असताना जेवण व्हायचं, त्याच्या आधी तपासणी, म्हणजे ऊन तिरपं होऊन ओसरीवर आलं की यांनी आंघोळ करून नुसत्या पंच्यावर तिथं येऊन उभं राहायचं. काखा, कानामागं, बेंबी, गुडघ्यामागची खळगी. आमच्या पिढीत नवऱ्याची पाठ दिवसाउजेडी कोण बघतं? मी बघितली. खांद्यावर एक तीळ आहे, डाव्या बाजूला, तो मला इतक्या वर्षांत माहीत नव्हता. पहिल्या दिवशी हे लाजले. "सून आली आन् कुनी बघितलं तर?" मी म्हटलं, सून शिरवळला आहे, तिच्या डोळ्यांना काय दुर्बीण लावलीय? चौथ्या-पाचव्या दिवसापासून ऊन ओसरीवर यायच्या आधीच हे येऊन उभे राहायला लागले.

एखादी सापडायची. सन्मतीनं शिरवळहून एक बारीक चिमटा पाठवला होता. मुंडक्यापाशी, कातडीच्या अगदी लगत धरायचं, पिळायचं नाही, सरळ वर ओढायचं. भामाबाई रॉकेल लाव म्हणाली, आकाराम पेटती काडी लाव म्हणाला. डॉक्टरांनी दोन्हीला नको म्हटलं होतं, तेव्हा मी दोघांनाही नको म्हटलं. निघालेली गोचीड हे तळहातावर घ्यायचे आणि करवंटीत ठेवायचे. सकाळी माळावर.

एवढं सगळं मी यांच्यासाठी केलं, आणि स्वतःला तेलाचा एक थेंबही लावला नाही. मी कुठं रानात जाते? घरातली बाई मी. माझं काम परसात. पण परसात काय यायचं? यांनी कापलेल्या गवताचा भारा. तो भारा सोडायचं, पेंढ्या वेगळ्या करायच्या, म्हशीपुढं टाकायच्या, हे माझं काम. भारा उचलताना मी तो मानेवर आणि खांद्यावर घेते. हे डोक्यात आलं नाही. आलं नाही ते नाहीच.

एका संध्याकाळी यांची तपासणी झाली, काही निघालं नाही, मी पंचा यांच्या अंगावर टाकला आणि मान खाजवली. दुपारपासून खाजत होती.

"काय झालं?" हे म्हणाले.

"काही नाही. घाम."

"वळ."

"अहो, घाम आहे."

"वळ म्हन्तो न्हवं."

या माणसानं मला असा हुकूम कधी केला नव्हता, म्हणून मी वळले. यांनी माझा अंबाडा वर उचलला.  बोटानं केस बाजूला सारले.

"आहे का?" मी विचारलं.

"हाय."

"केव्हाची?"

"फुगलीय."

चिमटा घेतला यांनी.  हा हात म्हशीच्या कानातून झोपेतसुद्धा गोचीड काढेल. पण पहिल्यांदा धरली ती सुटली. मी म्हटलं, सावकाश. दुसऱ्यांदा निघाली. मग यांनी बादलीतलं पाणी घेतलं, साबण घेतला, आणि माझी मान धुवायला लागले. धुतली, पुसली, पुन्हा धुतली. चष्म्याच्या चिकट काड्या माझ्या केसांत अडकल्या तरी सोडेनात, वाकून वाकून बघत होते काही आत राहिलंय का.

मी वाट बघत होते, आता हे करवंटी मागतील. मागेनात. शेवटी मीच म्हटलं, "गोचीड कुठं ठेवली?"

"कोन?" हे म्हणाले.

मी वळून बघितलं. चिमटा खाली पडला होता आणि यांचा पाय त्याच्यावर होता. गोचीड कुठं गेली, मेली की चालत गेली, मला माहीत नाही आणि यांनाही माहीत नव्हतं. खाली बघितलंच नव्हतं यांनी. डोळे भरून आलेले, आणि ते पुसायलाही हात मोकळे नव्हते, कारण दोन्ही हातांनी माझं डोकं धरलेलं.

"ताप आला तुला तर?" म्हणाले. "काय करू मी?"

मी म्हटलं, "आला तर मिरजेला न्या. आणि मला सांगा, गेलीस तर गेलीस, कर्मात असेल ते."

बोलायला नको होतं. पण बोलले, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं, ताप यायचा तर आठवड्या-दोन आठवड्यांत येतो. तेवढे दिवस या माणसानं माझा जीव नकोसा केला. सकाळी डोळे उघडायच्या आत पालथा हात कपाळावर. बस्तीत जायच्या आधी कपाळ, आल्यावर कपाळ. पाणी गाळता गाळता थांबून माझ्याकडं बघत राहायचे आणि गाळणं पाण्यात पडायचं. माझे तळहात उलटे करून ठिपके शोधायचे. गवताच्या भाऱ्याला मला हात लावू देईनात. एकदा फोडणीच्या मिरचीनं मी शिंकले, तर हे अनवाणी पळत जाऊन आकारामला जीपसकट घेऊन आले. आकाराम दारात उभा, मी उलथणं हातात घेऊन आत उभी. "वैनी, पेशंट कोन?" त्यानं विचारलं. मी यांच्याकडं बोट केलं.

एका दुपारी ओसरीवर दोघंच बसलो होतो. हे भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि दाणे माझ्या पुढ्यात टाकत होते, स्वतः एक खात नव्हते. एक शेंग हातात तशीच धरून म्हणाले, "गेल्या सालाला तुला आसंच झालं आसंल. मी मिरजंला पडलो हुतो तवा."

"मग काय," मी म्हटलं.

"आन् मी तुला आसलं बोललो."

"बोललात."

हे पुन्हा शेंगा फोडायला लागले.  सगळे दाणे माझ्याकडं साचले तेव्हा मी निम्मे यांच्याकडं सरकवले.

ताप आला नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस सरले, वर आणखी काही सरले, आणि यांनी बस्तीत जाऊन नारळ चढवला तेव्हा मला कळलं की हे दिवस मोजत होते. दुसऱ्या सकाळी उरलेलं गवत कापायला जायचं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले तर हे पाटावर बसलेले, मोजे शेजारी तयार ठेवलेले, आणि पुढ्यात ती हिरवी बाटली. आधी माझ्या मनगटांना लावलं, मग मानेला, अंबाड्याच्या खाली, फुंकर घालून वाळवत. मग माझी वाट न बघता स्वतःच्या पोटरीला चोळायला लागले. मीच तेल लावायचं ठरल्यापासून यांनी आपण होऊन बाटलीचं झाकण उघडल्याचं मला आठवत नव्हतं.

मला चिडवल्याशिवाय राहवेना. "आज फार काळजी घेताय गोचिडींची. एकीलाही धक्का लागायला नको, नाही का?"

हे घोट्याला तेल चोळत होते. वर न बघता म्हणाले, "गोचिडी गेल्या खड्ड्यात. मला काय झालं तर तुझी मान कोन बघनार?"